रकाना अकरावा

पानांची मांडणी, देठाची लांबी, लव आहे की नाही,
आणि अकराव्या रकान्यात एकच शब्द: चिकटपणा.
पुढं तीन चौकोन. आहे. नाही. माहीत नाही.

सेमिनरी हिल्सच्या उतारावर आमचं कॉलेज.
वनस्पतींच्या खोलीत कूलर लावता येत नाही,
वाळलेल्यांना दमट सोसत नाही.
म्हणून नवतपात, निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना,
चार हजार मेलेल्या झाडांना मी विचारत बसले आहे,
तुम्ही चिकट होता का?

कुणी बोलत नाही.
वाळलं तरी आकार राहतो, थोडा रंग राहतो,
काहींचा तर वाससुद्धा.
हा गुण मात्र बहुधा पहिल्याच रात्री
टीपकागदात निघून जातो.
बोकारे मॅडम ओरडायच्या,
"ओलं आहे तोवर लिहा गं, घरी जाऊन आठवू नका."
लिहिलं कोणी? आम्हाला नाव सापडायची घाई.

आणि लिहायचं तरी काय?
पिवळी तिळवण चिकट: हात लावला तर बोटं जरा उशिरा सुटतात.
चित्रकाचं फूल खालून चिकट: बाहीला धरून
फुटाळ्यापर्यंत सोबत येतं.
भोकराच्या गराची तार निघते, तुटता तुटत नाही,
आम्ही त्यानं वहीची फाटकी पानं जोडलेली.
धावड्याचा डिंक. बेलातल्या बियांचा चीक.
आणि पावसात भिजलेली अळंबीची टोपी,
ती बुळबुळीत. धरायला जावं तर नको म्हणते.
एक धरून ठेवतं, एक निसटून जातं,
अर्जात दोघांना एकच चौकोन.

अळंबीसाठी मॅडमची एक युक्ती होती.
टोपी सुकली असेल तर ओठाला टेकवायची.
बोटाला कळत नाही ते ओठाला कळतं,
किंचित ओढ लागली की समजायचं, ओल्यात ही चिकट होती.
(चाखायची नाही. गिळायची तर नाहीच.)
गोरेवाड्याच्या बाजूला मी पहिल्यांदा हे केलं
तेव्हा सोनबा पेंदाम खाली बसून हसले.
"बाई, पप्पी काऊन घेता तिची? टोपीवर पाहा न.
पानाचा चुरा बसला हाये, माती बसली हाये.
कोरड्यावर काही बसते का?"

सोनबा आम्हाला जंगल दाखवायचे.
कोयता त्यांचा, झाडावर चढणं त्यांचं,
रोजीच्या वहीत उजवा अंगठा,
त्याच्यावर आडवी, कोयत्याची जुनी चीर,
शाईत नेहमी पांढरी उमटणारी.

आज दुपारी, कपाट सात. भोकर.
जून एकोणनव्वद. पान करडं, फळ सुपारीसारखं कडक.
भिंगाखाली धरलं. पाण्याचा थेंब दिला. काही नाही.
ओठाला लावावं असंही मनात आलं,
पण त्या काळी कागदांना विष चोपडायचे.

'माहीत नाही'वर बोट नेलं होतं
तेवढ्यात खालचा कोपरा दिसला.
डाग म्हणून आजवर सोडून दिलेला.
चीक लागलेला अंगठा कधीतरी तिथं टेकला असणार,
आणि छत्तीस वर्षांची धूळ
एकेक रेष बघून बसत गेलेली.
अर्धी मुंगी.
आणि मधोमध आडवी, धूळ न बसलेली, चीर.

लेबलवर संग्राहक: डॉ. दमयंती बोकारे.
अंगठा इथं कुणी मागितला नव्हता.

अकराव्यात खूण केली: आहे.
पुरावा कुठं लिहायचा, त्याला रकाना नाही.
शेऱ्यात साठ अक्षरं मावतात, त्यात टाइप केलं:
अंगठा सोनबा पेंदाम यांचा. तार निघत होती.

जतन करा म्हटलं, आणि लाइट गेली.
झालं की नाही, उद्या कळेल.
अंधारात बसून मी थेंब पुसला,
फळाला लागलेलं बोट
उगाचच दुसऱ्या बोटाला लावून पाहिलं.